उकळत्या पाण्यातले लग्नपत्र

कैक पिढ्यांपूर्वी एका राज्यात, नदीकाठी, एक रंगारीण राहत होती. ती वितळलेल्या मेणाने कापडावर वेली काढी आणि मग कापड रंगात बुडवी. मेणाखाली रंग शिरत नसे. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातले की मेण सुटे आणि पांढऱ्याशुभ्र वेली उमटत. दरबारच्या रंगाऱ्याचा मान चार पिढ्या तिच्याच घरात होता.

पुढे दूरदेशी शिकून आलेला एक तरुण तिच्या शेजारी राहू लागला. तो मेथीच्या चिकट पाण्यावर रंगाचे थेंब सोडी, काडीने फिरवी आणि वर अलगद कागद टेकवी. पाण्यावरची नक्षी क्षणात कागदावर येई. सारा गाव बघायला लोटला.

रंगारणीला ते खुपले. "पोरा, यात तुझा हात कुठे रे? सगळी करणी पाण्याची! माझी वेल मी म्हणेन तिथेच वळते."

तरुण हसला. "खरं आहे, मावशी. माझी नक्षी पुन्हा मागितलीत तर मलाही देता यायची नाही. मला तेच आवडतं."

राजकन्येचे लग्न ठरले. लग्नपत्र वृद्ध राजमातेने थरथरत्या हाताने, चार दिवस खपून लिहिले. राजाने शालू रंगारणीकडे दिला आणि पत्रावरची नक्षी तरुणाकडे.

"महाराज, पत्रही मलाच द्या," रंगारीण म्हणाली. "बिघडलं तर दरबारचा मान काढून घ्या." राजाने पत्र तिच्या हाती दिले.

तरुण म्हणाला, "मावशी, आधी एखादा कोरा कागद करून बघा. मी सांगतो कसं ते."

"चाळीस वर्षं रंगात हात आहेत माझे. तू मला शिकवणार?"

अक्षरांना रंग लागू नये म्हणून तिने प्रत्येक ओळीवर मेण फिरवले. कागद पाण्यावर टेकवला. उचलला, तर मोरपिसासारखी नक्षी! आता मेण तेवढे काढायचे होते. सवयीचा हात सरळ उकळत्या हंड्याकडे गेला.

कापडाने सोसले असते. कागदाने सोसले नाही. मेण सुटले, शाई सुटली आणि काठीला लगदा लागून आला.

दरबारात तिने मान खाली घातली. राजाने विचारले, "त्या तरुणाचं घर तुझ्यापासून किती लांब?"

"मधे नुसतं कुंपण आहे, महाराज."

चार पिढ्यांचा मान त्या दिवशी गेला. राजमातेच्या हातून दुसरे पत्र लिहून झाले नाही.

तात्पर्य : आपल्या कलेत कितीही निष्णात असलो, तरी दुसऱ्याच्या कलेत शिष्य होऊनच पाऊल टाकावे.