गाडी रिती का?

पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीलाही दात आले नव्हते तेव्हा, एका राज्यात गाडीवानांची एक आळी होती. राजधानीच्या वेशीला अगदी लागून. घरं साधीच, पण प्रत्येक दारापुढे एक बैलगाडी. आणि काय गाड्या हो त्या! चाकांवर गेरूचे पट्टे, जुवाला लोकरीचे गोंडे, बाजूच्या फळ्यांवर कोरलेली वेलबुट्टी. मी काही त्या आळीतला नव्हे, तरी तिच्याबद्दल सांगायला बसलो की माझी मान आपोआप ताठ होते.

या लोकांना आपल्या बैलांची फार माया. भर उन्हात ते गाडी हाकत नसत. सांज झाली की गाड्या जुंपायच्या, गार वाऱ्यात वाट कापायची आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं. मग ऐन दुपारी सगळी आळी गाढ झोपलेली असे. माल मात्र गाडीतच. संध्याकाळी पुन्हा निघायचंच आहे तर उतरवायचा कशाला? वर घोंगडी टाकली की झालं. कुलूप नावाची वस्तू आळीत कुणाच्याच घरात नव्हती आणि याचीच सगळ्यांना मोठी ऐट होती.

राजालाही त्याचं कौतुक होतं. दर दसऱ्याला मिरवणूक निघे, तेव्हा सर्वांत पुढची गाडी या आळीची. राजा स्वतःच्या हाताने तिच्या जुवाला केशरी गोंडा बांधी आणि दवंडीवाला ओरडे, “जिथे कुलूप नाही आणि चोरी नाही, त्या आळीचा हा मान!” कुंभारआळीतले लोक दरसाल मागच्या गाडीतून त्या गोंड्याकडे टकमक बघत बसत. बघू देत बिचारे!

याच आळीत हौसा राहत होती. तिचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही गाडी विकणार. विकते कसली! तेरावं झालं आणि बाईने कासरा हातात घेतला. नदीच्या उतारावर भल्याभल्यांचे बैल बुजायचे, पण हौसाची गाडी सरळ पलीकडे. तिच्याकडे दिलेला माल पोचला की नाही, हे विचारायची कुणाला कधी गरजच पडली नाही.

एकदा एक म्हातारा विणकर तिच्याकडे आला. हातात हिरवाकंच शालू होता.

“हौसाबाई, माझी भाची नदीपलीकडे असते. पोरीला आई नाही. तुळशीचं लग्न झालं की तिचंही लग्न आहे, आणि मला तर आता दोन पावलं चालवत नाही. हा माझ्या हातचा शेवटचा शालू. तेवढा तिच्या अंगावर पडू दे.”

“पडला म्हणून समजा, मामा,” हौसा म्हणाली.

तिने शालू गाडीत ठेवला, वर घोंगडी टाकली आणि निवांत झोपली. उठून बघते तर घोंगडी जागच्या जागी, शालूचा पत्ता नाही.

धावत ती सटवाजीकडे गेली. सटवाजी आळीचा म्होरक्या. दसऱ्याला पुढची गाडी तोच हाकायचा. हौसाचं ऐकून त्याने आधी काय केलं असेल? दार लावून घेतलं!

“हळू बोल, पोरी. दसरा तोंडावर आलाय. हे बाहेर गेलं तर गोंडा जाईल.”

“आणि माझा शब्द जाईल त्याचं काय, काका? मामाला वाटेल मीच शालू दाबला. पुन्हा माझ्या गाडीत कोण माल घालील? आणि त्या पोरीने लग्नात नेसायचं काय?”

“आपण दुसरा शालू आणू.”

“तो मामाच्या हातचा असेल का?”

सटवाजीने दाराची कडी पुन्हा एकदा चाचपली. आत त्याची बायको धुरपा भांडी घासत होती. भांडी उगाचच फार वाजत होती, एवढं हौसाच्या कानावर आलं.

हौसा घरी येऊन उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले, पितळी थाळी उचलली आणि आळीच्या मधल्या पारावर जाऊन ती दणादणा वाजवायला सुरुवात केली. गाड्या जुंपायची वेळ होती. सगळे हातचं टाकून धावले.

“ऐका!” हौसा ओरडली. “माझ्या गाडीत चोरी झाली. आपल्या आळीत, भर दुपारी, माझ्या दारात!”

सटवाजी खाली बघत होता. हौसाला वाटलं, आता आपल्याला या आळीत कुणी उभं करणार नाही. तेवढ्यात गर्दीतून धुरपा पुढे आली.

“आमची घुंगरमाळ गेली. श्रावणात. यांनी मला शपथ घातली होती, बोलू नकोस म्हणून. आता ती शपथ गेली चुलीत!”

मग काय विचारता! “माझी तुपाची घागर गेली,” एक म्हणाला. “माझी नवी झूल,” दुसरा म्हणाला. तिसऱ्याची गुळाची ढेप, चौथ्याचा तांब्याचा हंडा. असं एक दार राहिलं नाही जिथे चोर येऊन गेला नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, चोरी आपल्या एकट्याच्याच दारी झाली. आपल्यामुळे आळीचं नाव जायला नको, म्हणून एकेकाने तोंड शिवून घेतलं होतं. वा रे शहाणे! नाव राखायला हे गप्प बसले आणि चोराला रान मोकळं झालं.

“आता झालं ते झालं,” हौसा म्हणाली. “मला एवढंच सांगा, चोरीच्या आधी तुमच्या गाडीला कुणी हात लावला होता? माझ्या गाडीला त्या वेशीबाहेरच्या झोपडीतल्या वंगणवाल्याने वंगण लावलं होतं. फुकट. म्हणाला, तुझ्यासारखी गाडी अख्ख्या आळीत नाही, पण कुणाला सांगू नकोस, बाकीचे रुसतील.”

“अगं, हे तर तो मला म्हणाला!” तुपाची घागर गेलेला गाडीवान ओरडला.

“मला पण!”

“आम्हाला पण की!” धुरपा म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला.

आता यातली मेख सांगतो. गाडी जुनी झाली की तिच्यावर कुणी पाय ठेवला तरी ती कुरकुरते, आणि प्रत्येक गाडीची कुरकुर वेगळी. या आळीतल्या बायका आत भाकरी थापताना नुसत्या आवाजावरून सांगायच्या, कुणाची गाडी आली. वंगणवाल्याने चाकांबरोबर गाडीचा सांधान्‌सांधा तुपासारखा मऊ करून ठेवला होता. मग तो वर चढला तरी गाडी मुकी. वंगणवाला त्या सांजेला बाजारात होता, त्याच्या कानी थाळी गेलीच नाही, आणि आळीनेही गुपचूप सापळा रचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंगणवाला हसतहसत आळीत आला. सटवाजीची गाडी शिगोशीग भरलेली होती.

“सटवाजीबुवा, गाडी असावी तर अशी! थांबा, जरा वंगण लावतो. पैसे नकोत. फक्त कुणाला सांगू नका.”

“छे छे, मी कशाला सांगतोय,” सटवाजी म्हणाला.

वंगण लावून वंगणवाला वळणापलीकडे गेला आणि धुरपाने पदर खोचला. राख आणि भुसा घेऊन तिने गाडीचे सगळे सांधे खसाखसा पुसून कोरडेठाक केले. दुपारी आळी नेहमीसारखी आडवी झाली. डोळे मिटलेले, कान मात्र टवकारलेले.

आणि गाडी बोलली. कुंईऽऽ कट्!

“सटवाजीकाकांची गाडी!” समोरच्या घरातून हौसा ओरडली. आळीतली सगळी दारं उघडली. वंगणवाला गाडीत उभा, हातात घोंगडी.

“मी... मी आपलं वंगण बसलं का ते बघत होतो,” तो त-त-प-प करू लागला.

“बघ की, बाबा,” धुरपा म्हणाली. “चल, आम्ही पण तुझी झोपडी बघून येतो.”

झोपडीत कडब्याखाली सगळं सापडलं. वंगणवाल्याला शिपायांच्या हवाली केलं. हौसाने शालू उलगडला. एका कोपऱ्यावर वंगणाच्या बोटाचा काळा डाग पडला होता. तिने त्याच संध्याकाळी गाडी जुंपली, नदी ओलांडली आणि नवरीला काही न लपवता सगळं सांगितलं. पोरीने डागावरून हात फिरवला.

“हा निऱ्यांमध्ये जाईल, मावशी,” ती म्हणाली. “मामाचा शालू आला, मला बास झालं.”

दसरा आला. राजा गोंडा घेऊन उभा राहिला, दवंडीवाल्याने तोंड उघडलं, आणि सटवाजीने हात वर केला.

“थांबा, महाराज. आमच्या आळीत चोऱ्या झाल्या. आम्ही त्या लपवल्या, आणि सगळ्यांत आधी मी लपवली. हा मान आता आमचा नाही.”

इतक्या वर्षांचा गोंडा! पण सटवाजीची मान खाली गेली नाही. त्याच्यामागे सगळी आळी ताठ उभी होती.

राजा म्हणाला, “नेम तो नेम,” आणि त्याने गोंडा कुंभारआळीच्या म्होरक्याच्या हातात दिला. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो गोंडा हातात आला, पण म्होरक्याला काही तो जुवाला बांधवेना. तो शरमेने लालबुंद झाला.

“महाराज, आमचेही हंडे गेलेत. आम्हीही गप्पच होतो.”

मग सोनारआळी पुढे आली, मग माळीआळी. गोंडा घ्यायला राज्यात एकही आळी उरली नाही. राजाने तो आपल्या पेटीत ठेवून दिला आणि गाडीवानांना विचारलं, “मग आता तुम्ही करता तरी काय?”

हौसा पुढे झाली. “आता आम्ही गाडीत काही ठेवत नाही, महाराज. माल घरात आणि घराला कुलूप. झोपायच्या आधी शेजाऱ्याला हाक मारतो, ‘गाडी रिती का?’ त्याने ‘रिती!’ म्हटल्याशिवाय पाठ टेकत नाही. आणि कुणाचं काही गेलंच, तर त्याने पारावर येऊन थाळी वाजवायची. त्याला कुणी हसत नाही.”

त्या वर्षी मिरवणूक गोंड्याशिवाय निघाली. दुसऱ्या दिवशी कुंभारआळीतून हाक आली, मग सोनारआळीतून, आणि हळूहळू सगळ्या राजधानीत दुपारी तीच हाक फिरू लागली. बिनकुलपाची आळी हे नाव पुसलं गेलं. लोक तिला हाकेची आळी म्हणू लागले, आणि सटवाजी म्हातारपणी पारावर बसला की येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगायचा, “ही हाक आमच्या आळीची बरं का! आमच्या हौसाची!”

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: चोरी लपवून नाव राखता येत नाही, एकमेकांना हाक देऊनच ते राखता येतं.