चार बॉयलर आणि एक किटली

एकदा एका थंड डोंगरगावी एका व्यापाऱ्याने शंभर खोल्यांचे अतिथिगृह बांधले. तळघरात चार बॉयलर बसवले. चौघांचे गरम पाणी एकाच मोठ्या पाईपात येई आणि तिथून वर खोल्यांत जाई. त्यांचा सांभाळ एक वृद्ध करीत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तो पदविका घेऊन आला होता, आणि पदविकेपेक्षा उत्साह अधिक घेऊन आला होता.

शिष्याने एक स्वयंचलित पॅनेल बसवले. पाणी जरा निवले की ते पुढचा बॉयलर पेटवी, जरा तापले की विझवी. त्यावर एक रकाना होता: 'पुढचा पेटवण्याआधी थांबायची मिनिटे'. शिष्याने तिथे अभिमानाने शून्य भरले.

पहिल्याच सकाळी वरून हाक आली, "पाणी गार आहे हो!" पहिल्या बॉयलरची ऊब पाईपात उतरण्याआधीच उरलेले तिघेही पेटले. थोड्या वेळाने दुसरी हाक, "अरे, पाणी आहे की आधण!" चौघेही विझले. मग पुन्हा गार. अंगाला साबण फासलेले पाहुणे दारातून डोकावून एकमेकांना पाण्याची बातमी विचारू लागले.

व्यापारी शिष्यावर संतापला. "परवा माझ्या मुलीचं लग्न. वऱ्हाड इथेच उतरणार. व्याह्यांची आंघोळ गार पाण्याने झाली, तर पंडित, तुझं सामान मीच बांधून देईन!"

दुसऱ्या दिवशी वृद्धाने पॅनेल बंद केले आणि स्वतः एक बॉयलर पेटवला. वरून ओरडा सुरू झाला. शिष्य दुसऱ्या बॉयलरकडे धावला, तर वृद्ध म्हणाला, "बस." आणि किटलीतून कपात चहा ओतून घेतला.

"बाबा, वर माणसं कुडकुडतायत आणि तुम्ही चहा पिताय?"

वृद्धाने फुंकर घातली. एका हातात कप, दुसरा हात पाईपावर. शेवटच्या घोटाबरोबर पाईप गरम झाला. वरचा ओरडा थांबला. एक जण तर गाऊ लागला.

"अरे, ज्याला काम सांगितलं, त्याला ते करायला अवधी नको?" वृद्ध म्हणाला. "ऊब इथवर यायला माझा एक कप चहा लागतो. तेवढाही धीर नाही, म्हणून तू चौघांना उठवतोस आणि चौघांना हाकलतोस. मात्र कप संपूनही पाईप गार असेल, तर तो बॉयलर खोटं बोलतोय. मग क्षणभरही थांबू नये, त्याला बंद करून पुढच्याला हाक मारावी. म्हणून एक हात कपावर, एक पाईपावर. नुसता कप धरला तर तो आळस."

"आणि पहिला पेटायचा मान कोणाचा?"

"रोज वेगळ्याचा. एकच राबला तर तो मरतो, बाकीचे गंजतात."

लग्नाच्या सकाळी वृद्ध म्हणाला, "आज मीही वऱ्हाडाबरोबर आंघोळ करतो," आणि वर निघून गेला. शिष्य एकटा उरला. साऱ्या वऱ्हाडाने एकदम नळ सोडले आणि पहिला बॉयलर चालू असूनही पाईप निवू लागला. त्याने दुसरा बॉयलर सुरू केला. इतक्यात पंचा गुंडाळलेला व्यापारी धावत आला. त्याचे अर्धे डोके फेसाने माखले होते.

"व्याही ओरडतायत! पेटव सगळे!"

शिष्याचा हात बटणांकडे गेला. पण त्याने तो मागे घेतला.

"शेठजी, चहा घ्या."

व्यापारी इतका चक्रावला, की त्याने कप घेतला. कप संपला, पाईप गारच. दुसऱ्या बॉयलरचा दिवा मात्र खुशाल 'चालू' दाखवत होता. शिष्याने त्याला बंद केले, तिसरा पेटवला आणि कप पुन्हा भरला. व्यापाऱ्याने तोही घेतला. डोक्यावरचा साबण वाळत चालला होता. दुसरा कप संपता संपता पाईप तापला. व्यापाऱ्याने स्वतः हात लावून पाहिला आणि तो वर पळाला.

वृद्ध ओल्या केसांनी खाली आला. त्याने किटली उचलून हलवली.

"दोन कप गेले. दुसरा पेटलाच नाही वाटतं."

"नाही पेटला," शिष्य म्हणाला. "गार पाणी आलंच शेवटी. आता शेठजी सामान बांधायला येतील."

तेवढ्यात जिन्यावरून व्यापाऱ्याचा आवाज आला, "अरे पंडित, उद्यापासून चहात आलं घालत जा!"

शिष्य पॅनेलपाशी गेला. शून्य पुसून त्याने तिथे एका कपाची मिनिटे लिहिली: बारा.

आपणही कोणाला काम सांगितले, की एक कप चहा प्यावा. दुसरा हात मात्र पाईपावर असू द्यावा.