पोटभर खायचे लाडू

मिठाईच्या दुकानावर पाटी होती, ‘बिनसाखरेचे लाडू, मधुमेहींनी पोटभर खावेत’. आमच्या ह्यांनी चार दिवस खाल्ले आणि साखर साडेतीनशेवर गेली. उरलेला डबा घेऊन मी तडक दुकानात गेले.

मालक मुरलीधरशेठ म्हणाले, "यात नवी गोड पावडर आहे. किती शिकलात बाई?"

"चौथी."

"मग कसं कळणार!"

"बरोबर. तुम्हीच एक खाऊन दाखवा, म्हणजे माझी भीती जाईल."

शेठ मागे सरले. "छे, मला मधुमेह आहे!"

"ठाऊक आहे, डॉक्टरकडे एकाच रांगेत बसतो आपण. म्हणून तर म्हणते, पोटभर खा."

गिऱ्हाइकांनी हातातले डबे खाली ठेवले. शेठनी पाटी काढली. ह्यांची साखर मात्र अजून उतरलेली नाही.