राजहत्तीच्या सुरकुत्या

"दाजी, हत्ती परटाकडे टाकायचा राहिला वाटतं! केवढा चुरगळलाय!"

राजा भुजंगरावाचा मेहुणा चिमणराव दिवाळीला पाहुणा आला होता. राजहत्ती रूपचंद अंगणात आला आणि चिमणरावाने सगळ्या दरबाऱ्यांदेखत हे असं म्हटलं. दरबारी आधी खोकले, मग त्यांना हसू फुटलंच. खुद्द राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. शत्रूचा वार एक वेळ सोसवतो, पण मेहुण्याचा टोमणा जेवतानासुद्धा आठवतो. आणि दिवाळीचं जेवण काही लवकर संपत नाही!

राजाने खरोखरच परटाला बोलावलं. परीट आला. रूपचंदाने सोंड लांब करून त्याच्या इस्त्रीचा वास घेतला. परीट इस्त्री तिथेच टाकून जो पळाला, तो नदीपलीकडे जाऊनच थांबला. मग कोणीतरी सगुणेचं नाव काढलं.

सगुणा उटणं करून विकायची. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल, सगळं स्वतः वाळवायची, स्वतः कांडायची. माल उत्तम होता. जीभ जरा जास्तच उत्तम होती.

"तूच ना ती?" राजाने विचारलं. "बाजारात ओरडतेस, 'सगुणेचं उटणं लावा, सुरकुत्या पळवून लावा'?"

"होय सरकार. पण ते माणसांसाठी!"

"असं ओरडताना कधी सांगतेस?"

सगुणेने जीभ चावली. नव्हतीच सांगत.

"भाऊबीजेच्या सकाळी रूपचंद गुळगुळीत दिसला पाहिजे! एक सुरकुती जरी राहिली, तर जन्मभर हत्तीखान्यात लीद उचलायची!"

डोळे मिटून वाळा कुठल्या नदीकाठचा ते सांगणारं सगुणेचं नाक, आणि त्याच्या नशिबी लीद! घरी जाऊन ती आधी मनसोक्त रडली. मग उखळापाशी बसली आणि कांडायला लागली. कांडताना तिचं डोकं चालायचं. हत्तीच्या मापाचं उटणं कांडायचं म्हणजे गंमत नव्हे! भुकटी अशी उडाली की सगळी गल्ली शिंकून शिंकून बेजार झाली, आणि एका म्हातारबुवांची कवळी अजून सापडलेली नाही.

भाऊबीजेची सकाळ झाली. उटण्याचे हंडे आले. रूपचंदाच्या चार पायांखाली चार पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. रूपचंदाने पाय टेकले तसे चारही पाट मोडले, पण रीत पाळली गेली! सगुणेने हत्तीच्या पोटाखाली भलीमोठी पांढरी चादर पसरली.

"ही कशाला?" राजाने विचारलं.

"सरकार, उटणं पुसत नाही, उतरवतं. चोळलं की मळ खाली पडतो, तशा सुरकुत्याही पडणार. राजहत्तीची वस्तू मातीत कशी जाऊ द्यायची?"

"शाब्बास! एकही हरवता कामा नये! माझ्या हत्तीच्या आहेत!"

"मग उतरलेल्या सुरकुत्या ठेवायच्या कुठे, तेवढं सांगा. लगेच हात घालते."

"खजिन्यात ठेव!"

"सरकार, नुसती सुरकुती कधी पाहिलीत का? तिला राहायला कातडं लागतं."

राजा विचारात पडला. त्याने वृद्ध प्रधानांकडे बोट केलं. "यांच्या अंगावर ठेव!"

"महाराज, माझं घर आधीच भरलेलं आहे!" प्रधानांनी हात जोडले. खोटं नव्हतं ते.

राजाची नजर चिमणरावाच्या गालांवर गेली. चिमणराव सकाळ-संध्याकाळ साय चोळायचा. गाल कसे उकडलेल्या अंड्यासारखे!

"खबरदार!" राणीसाहेब ओवाळणीचं तबक घेऊनच पुढे आल्या. "आज भाऊबीज आहे! माझ्या भावाच्या तोंडाला हात लागला तर फराळ बंद!"

"अगं, मग राहिलं कोण?" राजा हताश होऊन म्हणाला.

सगुणेने बोटं उटण्यात बुडवली. "राजहत्तीची वस्तू राजाकडेच यायची. कपाळावर ठेवायला सुरुवात करू, की गालावर, सरकार?"

राजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "थांब! हत्तीला बोट लावू नकोस! सुरकुत्या आहेत तिथेच बऱ्या आहेत!"

"म्हणजे हत्ती चुरगळलेलाच राहणार!" चिमणराव खदखदून हसला. "दाजी, निदान घडी घालून तरी ठेवा!"

राजा भडकला. "ऐकलंस, सगुणे? सुरकुत्या राहू देत, पण याला गप्प करणारं उत्तर आत्ताच्या आत्ता दे! नाहीतर उचल ती हत्तीमागची लिदीची पाटी, आणि चल हत्तीखान्यात!"

सगुणेने पाटीकडे पाहिलं. वास येतच होता. ती चटकन चिमणरावाकडे वळली.

"रावसाहेब, आपण लहान असताना आईसाहेब आपले कपडे कसे शिवून घ्यायच्या?"

"ढगळ! वाढत्या अंगाचे!"

"ढगळ का बरं?"

"का म्हणजे? पोर मोठं होणार म्हणून!"

"तेच तर! आमच्या सरकारांचा हत्ती देवाने वाढत्या अंगाचा शिवलाय! अजून दुप्पट व्हायचाय तो! ज्याचं कातडं आत्ताच घट्ट बसलंय, त्याचं वाढणं संपलं म्हणायचं!"

चिमणरावाचा हात नकळत आपल्या गुळगुळीत गालाकडे गेला. तो सगळ्यांनी पाहिला.

"वाढत्या अंगाचा!" राजा ओरडला आणि हसत सुटला. हसता हसता मोडक्या पाटावर बसला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडभर सुरकुत्या पडल्या, तरी हसतच राहिला. राणीसाहेबांनी तबक खाली ठेवलं, कारण निरांजन हलायला लागलं होतं.

राजाने तिथल्या तिथे नदीकाठचा हळदीचा मळा सगुणेच्या नावे केला. त्या संध्याकाळी ती रूपचंदावर बसूनच घरी गेली.