कोरडा सांधा

"पण गळती आहे कुठं, चाचा? दाखवा ना! कुठंच ओलं नाही."

हरेशने पाना फळीवर आदळला.

होडीचं इंजिन सुरू व्हायचं, क्षणभर धडधडायचं आणि मान टाकायचं.

धक्क्यावर वहिनी जनादादाच्या अस्थींचा कलश मांडीवर घेऊन बसली होती. ओहोटी लागायच्या आत खाडीच्या तोंडाशी पोचायचं होतं. शेजाऱ्यांनी आपली होडी देऊ केली, पण हरेश हट्टाला पेटला. दादा जाईल तर दादाच्याच होडीतून!

इब्राहिम चाचा धक्क्यावरून खाली होडीत उतरले. दोघा भावांना इंजिनाचं काम त्यांनीच शिकवलेलं. दादा पुरतं शिकला. हरेश अर्ध्यावर उठला.

"हवा घेतंय," चाचा म्हणाले.

"ते मलाही कळतं! सगळे सांधे आवळले, पुसून काढले. कोरडे ठणठणीत."

"जना आधी बसून बघायचा. तू आधी आवळतोस, मग शिव्या घालतोस."

हरेशने पाना पुन्हा उचलला.

"रडलास?" चाचांनी विचारलं.

"कशाला? घर कोण बघणार मग? मी ठणठणीत आहे."

"हं..."

चाचांनी टाकीतून नळी सोडवली आणि दादाच्या डिझेलच्या डब्याला जोडली. तारेची कडी असलेला तोच जुना डबा.

"धर. डोक्याच्या वर."

"वर कशाला?"

"टाकी खाली असते. इंजिन ओढतं, तेव्हा फट हवा गिळते. तेल बाहेर सांडत नाही. आता वरून भार येऊ दे."

हरेशने डबा उचलला. कडीला दादाच्या हाताची गुळगुळीत झीज होती...

चाचा एकेक सांधा न्याहाळू लागले.

गाळणीखालच्या सांध्यावर, सगळ्यात लख्ख पुसलेल्या सांध्यावर, डिझेलचा एक थेंब फुगला. आणि गळाला.

चाचांनी झिजलेला वॉशर काढला, नवा बसवला. नळी परत टाकीला जोडली, हातपंपाने हवा काढली.

इंजिनाने एकदा ठसका दिला आणि ते असं लागलं, जसं दादाच्या हाताखाली लागायचं. धक्क्यावर वहिनी उठून उभी राहिली.

हरेश डबा तसाच डोक्यावर धरून उभा होता.

"ठेव आता खाली."

त्याने डबा ठेवला. हात मोकळा होताच बाही घाईघाईने डोळ्यांकडे गेली.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस, बाळा. आत्ता कुठं सांधा सापडलाय."