बरणीतला जोर

तुम्हाला शिक्षा करायची इतकी घाई का असते? मी नाव घेत नाही. अर्धवट तपास करून ज्याने कधी कुणाला घालवून दिलं असेल, त्याने ही गोष्ट आधी ऐकावी. बाकीच्यांनी मागाहून ऐकली तरी चालेल.

फार जुन्या काळी, डोंगरांच्या मध्ये एक छोटं राज्य होतं. तिथे उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं इतकी पिकत की खाऊन संपत नसत. मग राजवाड्यातली एक बाई ती निवडून, पुसून, मोठ्या बरणीत भरी. वरून मध घाली, आणि पहिल्या धारेची मोहाची दारू गळ्यापर्यंत ओती. बरणीला लाखेचा शिक्का बसे. कापणीनंतर शेजारचा राजा पाहुणा म्हणून येई, तेव्हाच तो शिक्का फुटे. फळं खिरीवर घालत आणि दारू पेल्यांत ओतत.

रिवाज एकच होता, पण कडक होता. पाहुण्याच्या आधी त्या फळाला कुणी तोंड लावायचं नाही.

त्या वर्षी कोठीचा नवा कारभारी फार हुशार निघाला. पाहुणा यायला चार दिवस होते. राजाला म्हणाला, "महाराज, आधी एकदा बघून घेऊ."

राजाने कमरेची किल्ली काढली. कोठीचं कुलूप उघडलं, शिक्का फोडला. कारभाऱ्याने पळीभर दारू काढून तिला जळती काडी लावली. उन्हाळ्यात बरणी भरताना हीच दारू निळी पेटली होती. आता काडीच चर्र करून विझली.

"पाणी!" कारभारी ओरडला. "बाई, किती पाणी ओतलंस?"

"एक थेंब नाही ओ," बाई म्हणाली. "आणि ओतणार कसं? किल्ली महाराजांकडे."

कुलूप धड होतं. शिक्का धड होता. दारू गळ्यापर्यंत होती, थेंबानेही कमी नव्हती. मग तिच्यातला जोर गेला कुठे?

पहारेकऱ्यांनी एकमेकांची तोंडं हुंगली. एकाच्या तोंडाला वास आला, पण तो कांद्याचा. कारभाऱ्याने भिंत ठोकून पाहिली, बरणीचं बूड चाचपलं. एका म्हाताऱ्या सरदाराचं म्हणणं पडलं की हे भुताचं काम. दुसरा म्हणाला, "भूत पाणी कशाला भरून ठेवेल?"

बाई तर स्वतःवरच संशय घेऊ लागली. "मी भरताना घागर चुकले का? छे, काडी लावून पाहिली होती. तुम्हीच तर उभे होता ना रे तिथे?" ती पहारेकऱ्यांना विचारत राहिली. ते मान हलवत. मग पुन्हा तिलाच वाटे, आपलं नक्की काहीतरी चुकलं.

शेवटी ती म्हणाली, "महाराज, सगळं पाहिलंत. एकदा फळही बघा."

"पाहुण्याचं फळ उष्टं करू?" कारभारी म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझं?"

तोवर स्वयंपाकघरात कुजबूज सुरू झाली होती. किल्ली कुणाकडे? राजाकडे. मग प्यायलं कोण? ही कुजबूज राजाच्या कानावर आली, आणि त्याला एकदम घाई झाली. त्याच दुपारी त्याच्या हुकमाने बाईच्या घराला कुलूप लागलं. डोक्यावर गाठोडं घेऊन ती नदीपलीकडे निघून गेली. जाताना भांडली नाही. नुसती म्हणत होती, "पण झालं काय असेल?"

बरणी वाड्यामागच्या उकिरड्यावर रिकामी केली. दारू मातीत जिरली, फळं वर राहिली.

संध्याकाळी मागच्या बाजूला एकच गोंधळ उडाला. उकिरड्यावर चरायला आलेली एक शेळी भिंतीवर चढून कुणालाही न घाबरता ओरडत होती. दुसरी चारी पाय वर करून झोपली होती. तिसरीने कारभाऱ्याला मागून धडक दिली आणि स्वतःच पडली.

राजा धावत आला. उकिरड्यापाशी थबकला. त्याने एक करवंद उचललं, पुसलं आणि जन्मात पहिल्यांदा पाहुण्याआधी तोंडात टाकलं. घशापासून पोटापर्यंत जाळ झाला. डोळ्यांत पाणी आलं. कारभाऱ्याने दुसऱ्या करवंदाला काडी लावली. त्याच्याभोवती निळी ज्योत फिरली.

फळांनी आपलं पाणी दारूला दिलं होतं, आणि दारूचा जोर स्वतःत ओढून घेतला होता. दर वर्षी असंच होत आलं होतं, फक्त शिक्का फुटल्यावर दारूला काडी लावून कुणी पाहिलं नव्हतं.

राजाने नदीपलीकडे घोडेस्वार पाठवला. तिसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला. "बाई म्हणाली, बरं झालं कळलं, आता झोप लागेल. पण ती येणार नाही. तिथल्या गावाने तिला फळं भरायला बरणी दिलीय."

चौथ्या दिवशी पाहुणा आला. त्याच्यापुढे फळांविना कोरडी खीर ठेवताना राजाची मान वर होईना.

शेळ्यांची मालकीण दाराशी उभी होती. म्हातारी म्हणाली, "माझ्या शेळ्यांना तुमचा रिवाज ठाऊक नव्हता महाराज, म्हणून खरं सापडलं. अमुक एक गोष्ट तपासायचीच नाही असं ठरवून चौकशीला बसलं, की शिक्षा निरपराधालाच होते."