पेन खोवायचं कुठं?

आंबेखिंड संस्थानचे उदाजीराव सरकार मोठ्या पेचात सापडले होते. पेच शेजारच्या राजाचा नव्हता, दुष्काळाचाही नव्हता. शिकारीला येऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबानं त्यांना सोन्याच्या टोपणाचं विलायती पेन भेट पाठवलं होतं. ते पेन अंगावर खोवायचं कुठं?

सरकारांनी आधी अंगरख्याला छातीवर खिसा शिवून घेतला. आरशात पाहिलं आणि ओरडले, "हा तर शाळामास्तर!" मग पेन कानावर ठेवलं. "हा तर कारकून!" कमरेच्या शेल्यात खोचलं, तर बसताना बरगडीत टोचलं.

"पगडीत खोवावं, सरकार!" दिवाणजी म्हणाले. "तुऱ्यासारखं शोभेल!"

शोभलं खरं! पण भर दरबारात पेन गळायला लागलं. शाईचा ओघळ कपाळावरून निघाला तो नाकाच्या शेंड्यावरून टपटप अंगरख्यावर. आणि दरबारी माना डोलावत होते, "वाहवा! काय तेज चढलंय मुखावर!"

पेनात शाई रोज भरली जाई. रिकामं पेन बाळगणं राजाला शोभतं का? लिहायला मात्र ते एकदाही उघडलं नव्हतं. हुकूम दिवाणजी लिहीत आणि सरकार डोळे मिटून शिक्का उठवीत.

रोज नवी जागा, रोज नवा डाग. ते डाग येऊन पडत गिरजा परटिणीच्या पुढ्यात. तिनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं, ताकात भिजवून पाहिलं. तिचे हात निळे झाले, पण अंगरखे काही पांढरे होईनात. शेवटी सरकारांनी तिला वाड्यावर बोलावलं.

"काय गं, डाग का निघत नाहीत?"

"सरकार, डाग काढण्यापरीस पडू न देणं सोपं. पेन त्याच्या जागेवर ठेवा की!"

दिवाणजींनी जीभ चावली. सरकार लालबुंद झाले.

"जागेवर? अख्खा दरबार ती जागा शोधतोय आणि तू मला शिकवतेस? मग तूच सांग! उद्या भर दरबारात. पेन सगळ्यांना दिसलं पाहिजे. मी मिरवतोय असं कुणाला वाटता कामा नये. आणि कपड्याला शाईचा थेंब लागता कामा नये! नाही सांगितलंस, तर तुमची परीट आळी संस्थानाबाहेर! धुण्याचा घाट बंद!"

गिरजा घरी आली. बातमी तिच्या आधीच आळीत पोचली होती. शेजारणी रडत भांडी आवरत होत्या. नवरा धाकलू बोचकं बांधत होता.

"जिभेला हाड नाही तुझ्या!" तो करवादला. "राजापुढं कुणी असं बोलतं व्हय?" कपडे बडवायचं लाकडी धोपटणं काही केल्या बोचक्यात मावेना. त्यानं ते तिच्यापुढं नाचवलं. "आता हे कुठं खोवू? डोक्यात?"

गिरजा त्याच्याकडं बघत राहिली, आणि एकदम खो खो हसायला लागली. धाकलूला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं!

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. गिरजा आत आली आणि हशाच पिकला. तिच्या अंबाड्यात ते भलंमोठं धोपटणं उभं खोवलेलं होतं! चालताना ते डुलत होतं आणि ती मान सावरत होती.

"अगं, हे काय सोंग?" सरकार ओरडले.

"धोपटणं हाय, सरकार. अस्सल शिसवाचं. आळीत कुणापाशी असलं नाही. कुठं मिरवावं तेच कळंना! काखेत धरलं तर टोचतं, कमरेला खोचलं तर वाकता येईना. म्हणून डोक्यात खोवलं. बरं दिसतंय न्हवं?"

"वेडी का खुळी तू! धोपटणं काय अंगावर घालायचा दागिना आहे? घाटावर जा, हातात धर आणि धुणं बडव!"

"पण मग लोकांना दिसंल कसं, सरकार?"

"दिसायला कशाला हवं? बडवायला लागलीस की आवाज वेशीपर्यंत जातो! आपोआप बघतील!"

"आन् मिरवते म्हणाले तर?"

"काम करणाऱ्याला कोण म्हणतं मिरवतोय?"

गिरजानं धोपटणं अंबाड्यातून काढलं, हातात धरलं आणि लवून मुजरा केला.

"हेच सांगायला आले होते, सरकार. पण तुम्हीच सांगून टाकलंत! पेनाची जागा हातात. कागदावर चालायला लागलं की सगळ्यांना दिसतं, मिरवतोय असं कुणी म्हणत नाही, आन् शाई जाते ती कागदावर. माझ्या घाटावर येत न्हाई!"

दिवाणजी चाचरत म्हणाले, "पण सरकारांना लिहायची सवय..."

"धुण्याची सवय मलाबी जन्मतः नव्हती, दिवाणजी!"

सरकारांच्या मिशा थरथरल्या. आता कडाडणार, असं सगळ्यांना वाटलं. आणि सरकार असे हसले, असे हसले, की पगडी वाकडी झाली!

"कागद आणा!" त्यांनी फर्मावलं. धावाधाव झाली. एवढा मोठा दरबार, पण सरकारांपुढं ठेवायला कोरा कागद कुणापाशी नव्हता! शेवटी दफ्तरखान्यातून आणला. सरकारांनी टोपण काढलं आणि जीभ दातांत धरून, वाकड्यातिकड्या पण स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'घाट परटांचा. कायमचा.'

तो हुकूम गिरजाच्या हाती देत ते म्हणाले, "आणि बक्षीस म्हणून तुझं धोपटणं चांदीनं मढवून देतो!"

"नको, सरकार, नको!" गिरजा दोन पावलं मागं सरली. "चांदीचं झालं, की मलाबी ते डोक्यातच खोवावं लागंल!"

सरकार पुन्हा खदखदा हसले आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी तिच्या ओंजळीत टाकला.